भरल्या हातांची वाट

बारड डोंगराच्या पायथ्याशी, आसवलीच्या धरणाच्या पाण्यावर माघातले कोवळे ऊन नुकते उतरत असताना, आम्हांला वाट दाखवण्यासाठी पाड्यावरून आलेल्या वारली गृहस्थांनी माझ्या एका हातातली पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातातली टिपणवही शांतपणे काढून घेतली, दोन्ही वस्तू माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत टाकून तिचा बंद आवळला, आणि "हात मोकळे ठेवा, भाऊ; वर हातांचंच काम आहे," एवढेच बोलून ते पुढे चालू लागले. त्या वाक्याचा अर्थ पुढे मला पावलोपावली पटत गेला. साग आणि कारवी यांच्या मधून जाणारी पायवाट संपून जिथे उघड्या कातळाची धार सुरू होते, तिथे सुटा मुरूम पायाखालून धान्यासारखा निसटतो. वाळल्या गवताच्या झुबक्यावर भरवसा टाकावा तर तो मुळांसकट मुठीत येतो. आणि एका अंगाला झाडांचे शेंडे आपल्या पावलांच्याही खाली गेलेले दिसू लागले, म्हणजे माणूस पायांनी चालणे सोडून हातांनी चालू लागतो. अशा एका जागी, कातळाच्या खाचेत चारही बोटे रुतवून श्वास सावरीत असताना, मनात प्रश्न आला तो असा : ज्यांना या वाटेने मोकळ्या हातांनी येणे शक्यच नव्हते, ते वर आले कसे?

हा प्रश्न या डोंगराच्या बाबतीत केवळ कल्पनेचा नाही, हे पुढे येईलच. तत्पूर्वी आपल्या विचारात खोलवर रुजलेल्या एका उपमेकडे वळले पाहिजे.

परमार्थाला वाट म्हणणे ही मानवजातीची फार जुनी सवय आहे, आणि ती वाट बिकट आहे असे म्हणणे ही त्याहून फारशी नवी नाही. कठोपनिषदात यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसलेल्या नचिकेत्याला जे ज्ञान मिळते, त्यात आत्मप्राप्तीच्या मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. इस्लामी परंपरेत मृत्यूनंतर ओलांडावयाचा सिरात नावाचा सेतू केसाहून बारीक आणि तलवारीहून तीक्ष्ण मानलेला आहे. चीनच्या शान्शी प्रांतातील हुआ शान या ताओपंथीयांच्या पवित्र पर्वतावर तर ही उपमा लाकडात आणि लोखंडात उतरलेली दिसते. तिथे सरळ तुटलेल्या कड्याच्या अंगाला खुंट्या ठोकून त्यांवर अरुंद फळ्या टाकलेल्या आहेत, हाताशी एक साखळदंड आहे, खाली नुसती पोकळी आहे, आणि त्या वाटेच्या शेवटी एकांतसाधनेची जागा आहे. या सर्व कल्पनांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की त्या सगळ्या पायांचा विचार करतात. पाऊल कुठे पडेल, तोल कसा राहील, नजर कुठे असावी, याविषयी शतकानुशतके चिंतन झाले. चालणाऱ्याच्या हातांत काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारले नाही.

आपल्या योगग्रंथांत पिपीलिकामार्ग आणि विहंगममार्ग असे दोन मार्ग सांगितले आहेत; मुंगी खोडावरून हळूहळू चढत फळापर्यंत पोहोचते आणि पक्षी एका झेपेत तिथे जाऊन बसतो, असा त्याचा सर्वपरिचित खुलासा केला जातो. पण ज्याने मुंग्यांची रांग कधी डोळे भरून पाहिली असेल, त्याला हेही ठाऊक असते की मुंगी बहुधा रिकामी चालत नाही. तिच्या तोंडात एक कण असतो, आणि तो तिचा एकटीचा नसतो.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या मुलखात असे दोन डोंगर आहेत की जे या उपेक्षित बाजूने बोलतात. पहिला महालक्ष्मीचा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी नाका ओलांडून तलासरीकडे निघालेल्या प्रवाशाला तो चुकवू म्हटले तरी चुकवता येत नाही. आजूबाजूच्या गोलसर टेकड्यांच्या गर्दीतून एक सुळका उभ्या मुसळासारखा वर आलेला दिसतो, आणि लोक त्याला मुसळ्या डोंगर म्हणतात तेही त्यामुळेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा प्रदेश. त्यातला मऊ भाग पावसांनी धुऊन नेला आणि जे टणक होते ते असे एकटे उभे राहिले. पायथ्याशी विवळवेढे गावच्या हद्दीत महालक्ष्मीचे प्रसिद्ध देऊळ आहे, आणि देवीचे मूळ स्थान वर गडावर आहे. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, इथली यात्रा सुरू होते ती १५ दिवस चालते. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा अशा सर्व समाजांची माणसे, किनाऱ्यावरचे मांगेले, गुजरातेतून उतरणारे भाविक, या सर्वांची ती यात्रा. आणि पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, कांदे, मसाले, कोयते यांचा बाजारही तीच.

त्या पौर्णिमेच्या मध्यरात्री, खाली दिव्यांचा आणि माणसांचा समुद्र पसरलेला असताना, वाघाडी गावच्या सातवी घराण्यातील पुजारी देवीचा ध्वज, नारळ आणि पूजेचे साहित्य घेऊन डोंगर चढू लागतो. पहाट होण्यापूर्वी ध्वज शिखरावर लागतो. खालून पाहणाऱ्यांना चांदण्यात सुळक्याची काळी कड तेवढी दिसते. तिच्यावर माणूस कुठे आहे हे कळत नाही, आणि तरीही हजारो डोळे तिथेच लागलेले असतात. दिवसाढवळ्या, मोकळ्या हातांनी, दोन-दोन माणसांचा आधार घेऊन जिथे जाणे जिवावरचे, तिथे हा माणूस रात्री जातो, एकटा जातो, आणि कापड व काठी सांभाळीत जातो.

हा ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी अमलात डहाणू हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता, जव्हार संस्थानची हद्द निराळी होती. म्हणजे मुलकी दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर एका हद्दीतला ध्वज दुसऱ्या हद्दीतल्या डोंगरावर चढत होता. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राज्य गेले, न्यायनिवाड्याचा अधिकार गेला, वसुली गेली. ध्वज देण्याचा मान तेवढा उरला. आता यात ध्वज कोणाचा, असा प्रश्न केला तर उत्तर सोपे नाही. तो देणाऱ्याचा नाही, कारण त्याने तो देवीला दिला. तो चढवणाऱ्याचा नाही, कारण त्याच्या हाती तो काही घटकांपुरता आला. आणि खाली उभ्या असलेल्या लोकांपैकी प्रत्येकाला तो आपला वाटतो. आपल्या जुन्या व्यवहारात अशा वस्तूला एक नेमका शब्द होता : अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्या हवाली झालेली असते, ती जशीच्या तशी पोहोचवावयाची असते, आणि तिच्यावर आपला हक्क कोणताच नसतो, जबाबदारी मात्र सगळी असते.

नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या गडावरही चैत्रोत्सवात असाच एक ध्वज जातो. दरेगावच्या गवळी घराण्याकडे तो मान आहे, आणि ज्या शिखरावर तो लागतो तिथे जाण्याची रुळलेली वाट नाही. वाट नसताना मान पिढ्यानपिढ्या चालत आला, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. मराठीत वहिवाट हा जो शब्द आपण मामलेदार कचेरीत ऐकतो, ज्या शब्दावर बांधाबांधांचे दावे उभे राहतात आणि अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार १९०६ च्या कायद्याने मामलेदाराला दिलेला आहे, त्याच्या पोटात वाटच दडलेली आहे. लोक जिथून सतत गेले ती वाट, आणि त्या जाण्यातून जो निर्माण झाला तो हक्क. पण या शिखरांवरची वहिवाट वर्षाला एका पावलांच्या जोडीने राखलेली आहे. दगडावर तिची खूण उमटत नाही. ती एका घराण्याच्या स्मरणात, बापाने मुलाला दाखवलेल्या खाचांत आणि कपारींत राहते.

महालक्ष्मीच्या डोंगराची दुसरी कथा याहून हृद्य आहे, आणि मला वाटते, परमार्थाच्या वाटेविषयी ती पुष्कळ ग्रंथांहून अधिक सांगते. देवी मूळची गडावरची. तिच्या दर्शनाला एक आदिवासी स्त्री नित्यनेमाने चढत असे. पुढे ती गरोदर राहिली आणि तशाही अवस्थेत चढू लागली. एके दिवशी वाटेतच तिला घेरी आली आणि ती पडली. तेव्हा देवीने तिला सांगितले की आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. पायथ्याचे आजचे देऊळ म्हणजे त्या वचनाची जागा, अशी लोकांची श्रद्धा आहे.

भक्तिमार्गात या विषयावर फार सूक्ष्म वाद झालेले आहेत. दक्षिणेकडील श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेनकलै असे दोन पक्ष पडले ते याच प्रश्नावर, आणि त्यांच्या भूमिका दोन न्यायांनी सांगितल्या जातात. वानरीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तसा भक्ताचाही काही प्रयत्न हवा, असे एक पक्ष म्हणतो; मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तशी ईश्वराची कृपा निर्हेतुक आहे, असे दुसरा म्हणतो. ग्रीसमध्ये मेटेओरा येथील मठ उंच खडकांच्या माथ्यांवर आहेत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिथे येणाऱ्यांना जाळ्यात बसवून दोरखंडाने वर ओढून घेत; ही मार्जारन्यायाची मूर्तीच म्हणावी. परंतु डहाणूच्या कथेत या दोन्हींहून निराळे काही घडते. इथे भक्ताला वर ओढून घेतले जात नाही. इथे शिखरच खाली उतरते. आणि ते का उतरते हे पाहावे, तर ती स्त्री दुर्बळ होती म्हणून नव्हे, तिची श्रद्धा थोर होती एवढ्याचसाठीही नव्हे. ती दोन जीवांची होती म्हणून. तिच्या उदरात अमानत होती. तिला हात मोकळे करून चढा असे सांगून भागणारे नव्हते, कारण जे तिने धरले होते ते खाली ठेवण्याजोगे नव्हते.

वारकऱ्याकडे पाहिले तरी हेच दिसते. आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला पायी जाणारा मनुष्य खांद्यावर पताका घेतो, स्त्री डोक्यावर तुळशीवृंदावन घेते, विणेकरी वीणा खाली ठेवत नाही. कित्येक दिवस चालावयाचे असताना ओझे कमी करावे हा साधा व्यवहार. पण यात्रेचा व्यवहार उलटा असतो.

आता बारडकडे परत येतो. घोलवड-बोर्डीच्या पूर्वेस, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या सीमेलगत, सुमारे १,५०० फूट उंचीच्या या डोंगरावर बहरोटची लेणी आहेत. पारशी समाजाला ती अत्यंत पूज्य आहेत, आणि त्यांच्या पूज्यतेचे कारण एक अग्नी आहे. इराणातून आलेल्या पारशी लोकांनी संजाण येथे वसाहत केली आणि तिथे पवित्र अग्नीची स्थापना केली. तोच पुढे इराणशाह या नावाने ओळखला जाऊ लागला. संजाणचा पाडाव झाला तेव्हा धर्मगुरूंनी तो अग्नी उचलला आणि या डोंगरावर आणून बारा वर्षे इथे राखला, असे बहमन कैकोबाद यांनी नवसारी येथे इसवी सन १६०० च्या सुमारास फारसी पद्यात रचलेल्या 'किस्सा-इ-संजाण' या ग्रंथात सांगितले आहे. पाडावाच्या सालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बहरोटच्या आश्रयाविषयीची पारशी समाजाची श्रद्धा मात्र अविचल आहे. इथून अग्नी वांसद्याला गेला, तिथून नवसारीला, आणि आणखी काही मुक्कामांनंतर १७४२ मध्ये उदवाड्याला. तिथे तो आजही तेवत आहे. संजाण ज्या उंबरगाव तालुक्यात होते तो १९६० च्या मे महिन्याच्या १ तारखेपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्या दिवशी त्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांतून आजची तलासरी झाली. अग्नीच्या त्या एका प्रवासावर आता दोन राज्यांची सरहद्द आडवी पडलेली आहे.

लेण्यांपाशी पोहोचल्यावर प्रथम जाणवतो तो वारा. पश्चिमेला चिकूच्या वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्राची फिकट रेघ दिसते, आणि त्या समुद्रावरून आलेला वारा इथे काही न अडता आदळतो. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, गुहा आहेत, भिंतींची झीज झालेली आहे. इथे उभे राहून विचार केला, तेव्हा ध्वजाहूनही ही गोष्ट किती अवघड होती ते ध्यानात आले. ध्वज खांद्यावर टाकता येतो, कमरेला बांधता येतो. अग्नीचे तसे नाही. तो झाकला तर गुदमरतो आणि उघडा ठेवला तर वाऱ्याच्या तावडीत सापडतो. त्याचे पात्र तापते. तो एका बाजूला कलता कामा नये. आणि त्याला वाटेत खायला द्यावे लागते. उच्च प्रतीच्या पारशी अग्नीला, ज्याला आतशबेहराम म्हणतात, दिवसाच्या पाच प्रहरी पाच वेळा विधिपूर्वक इंधन अर्पण करण्याचा दंडक आहे. या हिशेबाने बारा वर्षांत सुमारे २१,९०० वेळा या उघड्या डोंगरावर त्या अग्नीला लाकूड वाहिले गेले असले पाहिजे. ज्या मुलखात ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ढग डोंगरमाथ्यांवरून हलत नाहीत, तिथे कोरडे लाकूड उन्हाळ्यात साठवावे लागले असेल, आणि त्यातली प्रत्येक काठी याच मुरमावरून कोणाच्या तरी डोक्यावर चढली असेल. माझ्या दृष्टीने बिकट वाट ती हीच. एकदाच जीव मुठीत धरून चढून जाण्यात जेवढे धैर्य आहे, त्याहून निराळे आणि अधिक खोल असे काही त्या रोजच्या पाच वेळांत आहे. कारण तिथे पाहणारे कोणी नव्हते, पौर्णिमेचा जमाव नव्हता, आणि चुकल्यास जे विझले असते ते पुन्हा पेटवता आले नसते.

पारशी धर्मातही मृत्यूनंतर ओलांडावयाच्या सेतूची कल्पना आहे. त्याला चिन्वत म्हणतात. दुराचारी मनुष्य त्यावर आला की तो पात्यासारखा अरुंद होतो, आणि सदाचारी आला की रुंद होत जातो. वर सांगितलेल्या सगळ्या उपमांत मला ही सर्वांत उदार वाटते, कारण तिच्यात वाटेची रुंदी आधी ठरलेली नसते. चालणारा आयुष्यभर जे काही घेऊन आला त्यावर ती ठरते. ज्या धर्मगुरूंनी लहानपणापासून हा सेतू शिकलेला होता, तेच अग्नी घेऊन बारडची कड चढत होते, तेव्हा पायाखालची ती हातभर वाट त्यांना कशी दिसली असेल, याची मी तिथे बराच वेळ कल्पना करीत बसलो. आपल्याकडे दस्तूर म्हणजे चाल, शिरस्ता; त्यांच्याकडे दस्तूर म्हणजे धर्माचा श्रेष्ठ अधिकारी. शब्द एकच आहे. रोज पाच वेळा पाळलेला शिरस्ता आणि तो पाळणारा मनुष्य यांना भाषेने एकाच नावात बसवले, यात काही चुकले आहे असे मला वाटत नाही.

उतरताना ऊन चढलेले होते. चढताना जे हातांनी साधले ते उतरताना साधत नाही. खाली तोंड केले की दरी दिसते आणि डोंगराकडे तोंड केले की पाऊल दिसत नाही. मी बसत-सरकत, दोन्ही तळहात खरचटवीत त्या कडेवरून येत होतो, तेवढ्यात आमच्या वाटाड्याने मला हाताने मागे दाबले आणि कातळाला टेकून उभे राहायला सांगितले. वरच्या रानातून एक बाई येत होती. डोक्यावर वाळल्या लाकडांची मोळी, तिच्याहून लांब. एक हात वर मोळीला. दुसऱ्या हाताच्या मुठीत चार-पाच वर्षांच्या मुलीचे मनगट. पायांत काही नव्हते. जिथे मी बसून आलो तिथे ती उभ्याने आली. मोळीचे टोक कातळाला लागू नये म्हणून तिने मान किंचित तिरपी केली, मुलीला आतल्या अंगाला घेतले, आमच्यापाशी येताच "सरा जरा" म्हणाली, आणि पुढे निघून गेली. वाटाड्याने मुलीला काहीतरी विचारले, ती हसली. मुलीच्याही दुसऱ्या हातात, कोपरात दाबून धरलेल्या, तीन काटक्या होत्या.